दृढीकरण होऊन वर्षं झाली, पुढे सरकतच नाहीये: तयारी नक्की कशाची करायची?

जय ख्रिस्त ताई. शाळेत असतानाच दृढीकरण (मोठेपणी स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करायचा चर्चमधला विधी) झालं, आता पुण्यात नाईट शिफ्टचा जॉब, रविवारी उपासना सहसा चुकत नाही पण प्रार्थना कोरडी वाटते, त्यात पाळकसाहेबांनी संडे स्कूलचा वर्ग घे म्हटलंय आणि तू "आधी माझी आत्मिक तयारी होऊ दे" म्हणून टाळतेयस, शिवाय लेंटमध्ये (ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ) उपवास कसा करू असंही विचारलंयस, असंच ना?

कोरडेपणाचं एवढं मनाला लावून घेऊ नकोस. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ ला झाला, इंग्लंडात वाँटेजला. पुढे त्यांनीच लिहून ठेवलंय की ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता, आणि हे कळायला आठ वर्षं गेली. पण त्या आठ वर्षांत बाई काही हातावर हात ठेवून बसल्या नव्हत्या, अमेरिकेत फिरून मदत गोळा केली, १८८९ ला मुंबईत शारदा सदन काढलं. आतलं आणि बाहेरचं दोन्ही सोबतच चालू होतं.

आता तयारी. बायबलमधलं यहोशवाचं पुस्तक काढ, पहिला आणि तिसरा अध्याय. यार्देन नदी ओलांडून देवाने कबूल केलेल्या देशात जायच्या आधी इस्राएल लोकांना तयारीच्या दोन गोष्टी सांगितल्यात, शिदोरी तयार करा आणि शुद्ध व्हा. हंगामाचे दिवस, नदी दुथडी भरून वाहतेय, आणि पाणी कधी थांबलं? देवाच्या कराराचा कोश (पवित्र पेटी) उचललेल्या याजकांचे पाय काठाच्या पाण्यात बुडाले तेव्हा! काठावर उभं राहून "पाणी उतरलं की जाऊ" म्हणाले असते तर अजून तिथेच असते.

शुद्ध होणं म्हटलं की आपल्याकडे लोक लगेच उपवास-प्रार्थनेचं पोस्टर शोधतात, कन्व्हेन्शनला (मोठ्या प्रार्थनासभांना) जाऊन रडून येतात, सोमवारी परत जैसे थे. (कन्व्हेन्शनला माझा विरोध नाही, मी पण जातो.) येशूने मात्र सरळ सांगितलंय, मत्तय ५:२३-२४, भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असं आठवलं तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी त्याच्याशी समेट कर. आमच्या नगरकडच्या एका मंडळीत दोन सख्खे भाऊ, बांधावरून बोलणं बंद. थोरला मंडळीचा वडील म्हणजे चर्चच्या कारभारातला एल्डर, प्रभुभोजनाच्या (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घ्यायच्या विधीच्या) रविवारी भाकरीचं ताट फिरवायचा, आमच्याकडे ताट बाकापर्यंत येतं, तर धाकट्याचा बाक आला की हा ताट शेजारच्याच्या हातात द्यायचा आणि खाली बघत उभा राहायचा. सगळ्यांना दिसायचं, बोलणार कोण? एकदा उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) आधल्या आठवड्यात थोरला स्वतःच उठून धाकट्याकडे गेला. चहा झाला, कांद्याच्या भावावर बोलणं झालं, बांधाचा विषय कोणी काढलाच नाही, बांध आजही आहे तिथेच आहे. पण पुढच्या प्रभुभोजनाला त्या बाकापाशी ताट त्यानेच धरलं होतं. तुझ्या बाबतीत असं कोणी असेल तर प्रार्थनेची वेळ वाढवायच्या आधी त्या माणसाला फोन लाव. समोरच्याने उचललाच नाही तर तो वेगळा भाग, तू तुझ्या बाजूने मोकळी.

शिदोरीचं सोपं आहे. मार्कचं शुभवर्तमान घे, सोळाच अध्याय, चारही शुभवर्तमानांत सगळ्यात छोटं. रोज एक, मोठ्याने वाचायचा, मराठीतूनच, आणि वाचताना मोबाईल दुसऱ्या खोलीत. युट्यूबवरची प्रवचनं तेवढे दिवस बंद ठेव, दुसऱ्याने चावून दिलेलं किती दिवस खाणार? प्रार्थनेला शब्द सुचत नसतील तर बायबलमधलं स्तोत्र ४२ म्हण, त्यात तो माणूस स्वतःच्याच जिवाला विचारतोय की तू का खिन्न झालास. कोरड्या दिवसांसाठी याच्याइतकं प्रामाणिक काही मला तरी सापडलेलं नाही.

आणि संडे स्कूलला हो म्हण, याच रविवारी. पोरं असले प्रश्न विचारतात की तुला आपोआप शनिवारी बायबल उघडून बसावं लागेल. सुरुवातीला जुन्या टीचरसोबत मदतनीस म्हणून बस हवं तर.

राहिला लेंटमधल्या उपवासाचा प्रश्न. नाईट शिफ्ट करून निर्जळी वगैरे भानगडीत पडू नकोस, अ‍ॅसिडिटी होऊन चिडचिड होईल आणि ती घरच्यांवर निघेल. यशया ५८ मध्ये देवाला कुठला उपवास आवडतो ते लिहिलंय, भुकेल्याला आपल्या भाकरीतली भाकरी देणं. कँटीनचं एक जेवण सोड आणि ते पैसे बिल्डिंगच्या वॉचमन काकांच्या डब्यासाठी वापर, पण चर्चच्या ग्रुपवर टाकू नकोस.