वाक्य कळायला शब्द लागतात की व्याकरण? आमच्या घरचा किस्सा

प्रश्न असा आहे की वाक्य समजताना शब्दांचा अर्थ जास्त कामी येतो की वाक्याची रचना. माझ्या मते रोजच्या बोलण्यात अर्थच. नुसत्या शब्दांवर भागत नसलं की मगच मेंदू रचनेकडे नीट बघतो, आणि तेव्हाही बघेलच याची गॅरंटी नाही. भाषाशास्त्रवाले चिडतील तर चिडू द्या, मी हे घरात पाहिलंय.

दोन वर्षांआधी बाबांना लकवा मारला, डावीकडचा मेंदू, त्यामुळे उजवा हात गेला अन् बोलणं "ते... ते..." वर आलं. दादा पुण्याला असतो, व्हिडिओ कॉलवर दर वेळी एकच पालुपद, बाबांना सगळं समजतं, फक्त बोलता येत नाही. मी रोज त्यांना भरवतो, मला माहीत होतं की सगळं समजत नाही, पण नेमकं काय समजत नाही ते सांगता येत नव्हतं. स्पीच थेरपिस्टकडे गेलो तेव्हा कळलं. तिनं टेबलावर दोन-दोन चित्रं ठेवली. "पोरगी सफरचंद खाते" म्हटलं की बाबांचं बोट बरोबर चित्रावर, लगेच. मग "पोरानं पोरीला ढकललं". बोट पोरानं ढकललेल्या चित्रावर गेलं, मग दुसऱ्यावर, मग त्यांनी थेरपिस्टच्या चेहऱ्याकडं पाहिलं, तिथं काही सापडतं का म्हणून.

सफरचंद पोरीला खात नाही, त्यामुळं तिथं व्याकरण नसलं तरी चालतं. पोरगा-पोरगी दोघंही ढकलू शकतात, तिथं सगळा भार त्या "नं" अन् "ला" वर, अन् बाबांच्या हातून नेमकं तेच सुटलं होतं. हे आमच्याच घरचं नाही, १९७६ मध्ये कारामाझा अन् झुरिफ या दोन संशोधकांनी अशा पेशंटमध्ये हेच दाखवलं होतं.

आता खरा किस्सा. नागपूरजवळ बेस्याला बाबांच्या नावावर प्लॉट आहे, कागद माझ्याकडं. दादानं कॉलवर विचारलं, "बाबा, कागद लहान्यानं मले द्याचे नं?" लहान्या म्हणजे मी. बाबांनी मान हलवली, हो. झालं, बाबांनी सांगितलं! मी फोन तिथंच धरून विचारलं, "बाबा, कागद दादानं मले द्याचे नं?" पुन्हा हो. मग म्हटलं, "बाबा, कागद मांजरीले द्याचे का?" बाबा हसले अन् मान आडवी हलवली. म्हणजे कागद कळतो, देणं कळतं, मांजर कळते, फक्त कोणी कोणाला ते कळत नाही. दादा म्हणाला तू बाबांची मजाक उडवून राहिला. तेव्हापासून बोलणं बंदच आहे.

अन् धडधाकट लोकांचं तरी काय वेगळं आहे? टपरीवर चहा पिता पिता पाच जणांना म्हटलं, "काल आमच्या गल्लीत कुत्र्याले माणूस चावला". तिघांनी विचारलं, इंजेक्शन घेतलं का त्यानं? फर्नांडा फरेरा या संशोधिकेनं २००३ मध्ये इंग्रजीत असलीच उलटी वाक्यं ऐकवली होती, चांगले शिकलेले लोक फसले. २००५ मध्ये किम अन् ऑस्टरहाउट यांनी तर "भरपेट जेवण गिळत होतं" अशा धाटणीचं वाक्य देऊन मेंदूच्या लहरी मोजल्या, तर अर्थ जुळला नाही की जी लहर येते ती आलीच नाही, व्याकरण चुकल्यावर येते ती आली. म्हणजे जेवण अन् गिळणं एवढं छान जुळलं की मेंदूनं दोष व्याकरणावर ढकलला.

आपली मराठी पण बघा ना. "आंबा पाहिला" म्हणतो, "आंब्याला पाहिलं" कोणी म्हणत नाही, पण "पोरीला पाहिलं" मध्ये "ला" पाहिजेच. आंबा काही उलटून बघणार नाही, म्हणून तिथं प्रत्ययाची गरजच पडली नाही असं मला वाटतं.

आता व्याकरण फालतू आहे असं नाही म्हणत मी. "माणसाला कुत्री चावली" यात ती "ली" आहे म्हणून घोळ होत नाही. अन् असले सगळेच पेशंट सारखे नसतात. खरं सांगायचं तर बाबांनी दोन्ही पोरांचं मन राखायला दोनदा हो म्हटलं असेल, तेही मी नाकारू शकत नाही.

तुमच्या घरी असा पेशंट असेल तर वाक्यात काम करणारा आधी घ्या, वाक्य छोटं ठेवा, एका वेळी एकच गोष्ट, अन् वस्तू समोर ठेवून बोटानं दाखवा. फोनवरचं हो धरू नका. दादा, कागद कपाटातच आहेत. नागपूरला ये, बाबांसमोर बस, कागद त्यांच्या डाव्या हातात दे अन् मग विचार कोणाला द्यायचे.