मुलगा म्हणतो केस कापून टाकतो, आता काय करायचं?

प्रश्न: ताई नमस्कार, आम्ही नांदेडचे, सचखंड गुरुद्वाऱ्याच्या जवळच राहतो, कित्येक पिढ्या इथेच गेल्यात, घरात पंजाबी मराठी सगळं मिक्स चालतं. मुलगा पुण्यात इंजिनीअरिंगला सेकंड इयरला आहे. हॉस्टेलवर पहिल्या दिवसापासून "काय सरदार, बारा वाजले का" चालू आहे, तेवढं तो हसून सोडायचा, पण दिवाळीनंतर दोन पोरांनी त्याची पगडी लपवली आणि तो उघड्या केसांनी शोधतोय त्याचा व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला, आणि मॅच असली की खलिस्तानी म्हणतात ते वेगळंच. आता म्हणतो केस कापतो, कटकट नको. त्याचे पप्पा महिनाभर त्याच्याशी बोलले नाहीयेत, आणि नात्यातल्या एकांनी गुरुद्वाऱ्यात सगळ्यांसमोर म्हटलं की आईचे संस्कार कमी पडले. मी काय करू?

उत्तर: तुमचे संस्कार कुठेही कमी पडलेले नाहीत, तो विचार आधी डोक्यातून काढा. आणि त्या नातेवाइकांचं वाक्य मुलापर्यंत पोचलं असेल तर त्याला फोन करून सांगा की मला ते पटलेलं नाही. बाहेरची पोरं पगडीवरून छळतात आणि घरचे त्याच पगडीवरून अबोला धरतात, म्हणजे त्या पोराला दोन्हीकडून तेच ऐकायला मिळतंय की प्रॉब्लेम तूच आहेस. त्याने जायचं कुठे?

मी शीख नाही, केस ठेवावेत की नाही यावर मी बोलणार नाही, तो हक्क माझा नाही. पण छळाला कंटाळून घेतलेला निर्णय आणि शांत डोक्याने घेतलेला निर्णय यात फार फरक असतो, म्हणून त्याला एवढंच सांगा की आत्ता काही ठरवू नकोस, आधी हा त्रास थांबवू, मग तुला काय वाटतं ते बोलू आणि तू काय म्हणशील ते आम्ही ऐकून घेऊ. हे वाक्य पप्पांच्या तोंडून आलं तर जास्त बरं. त्यांना राग नसणार, भीती वाटत असणार, पण मुलाला अबोल्यातून भीती दिसत नाही, राग दिसतो.

आता त्रास थांबवायचं. पगडी लपवणं, व्हिडिओ काढणं ही मस्ती नाही, हे रॅगिंग आहे. यूजीसीचे रॅगिंगविरोधी नियम 2009 चे आहेत आणि 2016 च्या दुरुस्तीत धर्म, जात, वंश यावरून केलेला शारीरिक किंवा मानसिक छळही स्पष्टपणे रॅगिंगमध्ये घेतलाय. मुलाकडून ग्रुपचे स्क्रीनशॉट, तारखा, कोण कोण होतं ते लिहून घ्या आणि कॉलेजच्या अँटी रॅगिंग कमिटीला लेखी तक्रार द्या, 1800-180-5522 ही देशभराची हेल्पलाइन आहे. फक्त त्याला विचारल्याशिवाय काही करू नका, पाठीमागून तक्रार गेली तर तो तुम्हालाही काही सांगायचं बंद करेल. आणि त्याला एकट्याला पाठवू नका. पुण्याच्या संगतमधले, म्हणजे तिथल्या गुरुद्वाऱ्यात येणाऱ्या शीख मंडळींतले, दोन समजूतदार लोक, त्यात एखादी शिक्षिका किंवा वकील असेल तर उत्तम, त्याच्यासोबत प्राचार्यांकडे जाऊन बसले पाहिजेत. दोनच हं, वीस जण गाड्या घेऊन गेले तर उरलेली दोन वर्षं त्या पोरालाच तिथे काढायची आहेत.

क्रिकेटपटू अर्शदीप सिंगचं उदाहरण सगळे देतात. 2022 च्या आशिया कपमध्ये पाकिस्तानविरुद्ध एक कॅच सुटला आणि लोकांनी रातोरात त्याला खलिस्तानी ठरवलं, त्याचं विकिपीडियाचं पान बदललं, मग 2024 च्या वर्ल्ड कपमध्ये त्याने 17 विकेट घेतल्या. गोष्ट खरी आहे, पण "बघ तो कसा टिकला, तू पण टिक" असं मुलाला म्हणू नका. अर्शदीपच्या मागे आख्खी टीम उभी होती, तुमच्या मुलाच्या मागे त्या मजल्यावर कोणीच नाही. त्या गोष्टीतून त्याला इतकंच कळू दे की इंडियाची जर्सी घातली तरी लोक हे बोलतात, म्हणजे चूक त्याच्या वागण्यात नाहीये.

अजून एक, त्याला विचारा सकाळी पगडी कोणासोबत बांधतोस. घरी पूणी करायला पप्पा किंवा भाऊ दुसरं टोक धरतात, पाच-सहा मीटर कापड दोघांनी ताणून घडी घालायचं काम आहे ते, हॉस्टेलवर पोरं टोक दाराच्या हँडलला नाहीतर खिडकीच्या गजाला बांधून एकट्याने करतात, त्यात आठचं लेक्चर, रविवारी केस धुवायला पाणी नाही, आणि बाजूला चार जण बघत उभे. यातलं काहीच आपल्याला दिसत नाही, आपल्याला फक्त "कटकट नको" ऐकू येतं. पुण्यात थर्ड-फोर्थ इयरची, नोकरीला लागलेली शीख मुलं आहेत, त्यातल्या एकाशी गाठ घालून द्या, उपदेश करायला नाही, रविवारी त्याच्या रूमवर जाऊन केस धुता येतील, जेवता येईल, मनातलं बोलता येईल एवढ्यासाठी. रोज घाईत पगडीऐवजी पटका, म्हणजे केसांवर बांधायचं छोटं कापड, चालत असेल तर चालू दे.

झोप उडाली, जेवण तुटलं, "मी नसलो तर बरं" असं काही बोलला तर थांबू नका, 14416 वर टेली मानसला फोन करा, मराठीत बोलता येतं, आणि तडक पुण्याला जा.

प्रश्न: मी नवी मुंबईतल्या गुरुद्वारा कमिटीत आहे. युथसाठी गतका (आपली शस्त्रकला), कीर्तन, दस्तार म्हणजे पगडी बांधायची स्पर्धा सगळं ठेवतो पण चौदा-पंधराच्या पुढची मुलं येतच नाहीत, मोबाईलमध्ये असतात. काय केलं पाहिजे?

उत्तर: स्पर्धा चांगल्याच आहेत भाऊ, पण ज्याला शाळेत चिडवतात तो पोरगा स्टेजवर यायला आधीच बिचकतो. त्याला स्पर्धेपेक्षा काम द्या, लंगरचा हिशोब, सामान आणणं, साउंड सिस्टीम, खरी जबाबदारी, आठवडाभर जो वर्गात मान खाली घालून बसतो त्याला रविवारी कोणीतरी "हे तू बघ" म्हणालं पाहिजे. मुलींना पण, फक्त पोळ्या लाटायला नाही, कमिटीच्या टेबलावर. त्यांच्यावर चेहऱ्याच्या केसांवरून, लग्नाच्या बाजारावरून जे प्रेशर असतं ते बायकांच्या ग्रुपमध्येसुद्धा कोणी मोकळं बोलत नाही, त्यासाठी एखादी तरुण डॉक्टर किंवा काउन्सेलर महिन्यातून एकदा येऊन बसली तर खूप फरक पडेल.

दुसरं, गुरुद्वाऱ्यातली कथा, म्हणजे गुरुबाणीचं निरूपण, त्यांना कळते का बघा. इथे वाढलेल्या मुलांना पंजाबी अर्धीच समजते, महिन्यातून एकदा हिंदी-मराठीत सेशन ठेवा जिथे कुठलाही प्रश्न विचारता येईल आणि प्रश्न विचारला म्हणून कोणी डोळे वटारणार नाही. आपल्या नामदेव महाराजांची 61 पदं गुरु ग्रंथ साहिबमध्ये आहेत, 2015 चं मराठी साहित्य संमेलन त्यांची कर्मभूमी म्हणूनच पंजाबात घुमानला झालं, हे तुमच्या मुलांना माहीत पाहिजे आणि त्यांच्या वर्गातल्या मराठी मुलांना तर नक्कीच.

शाळेत मात्र काही घडायच्या आधीच जा. अमेरिकेत 11 सप्टेंबर 2001 नंतर चारच दिवसांनी ॲरिझोनात बलबीर सिंग सोढींना पगडीमुळे गोळी घातली गेली, त्या काळात उभी राहिलेली शीख कोअॅलिशन ही संस्था अजून शाळांमध्ये काम करते, शिक्षकांना समजावून सांगते. 2014 च्या त्यांच्या पाहणीत निम्म्याहून जास्त शीख मुलांनी शाळेत छळ होतो असं सांगितलं होतं, पगडी घालणाऱ्यांमध्ये तर 67 टक्के. इथे तुम्ही साधं एक पानी पत्र करा, पटका म्हणजे काय, कडं का काढत नाहीत, पी.टी.च्या तासाला किंवा वर्गात कोणी पटक्याला हात लावला तर शिक्षकांनी काय करावं, आणि कृपाणाचा हक्क संविधानाच्या कलम 25 च्या स्पष्टीकरणात लिहिलेला आहे हेही. बारावीच्या मुलांना वेगळं सांगा की नीटला कडं किंवा कृपाण घालून जायचं तर तपासणीसाठी सेंटरवर लवकर पोचावं लागतं, सूचनांमध्येच दिलेलं असतं, नाहीतर पोरं गेटवर रडकुंडीला येतात. शाळा जूनमध्ये उघडतात, तेव्हा पत्राचा मसुदा मे महिन्यातच मुलांना हाताशी घेऊन करा आणि मुख्याध्यापकांना द्यायला जाताना सोबत त्या शाळेतलाच एखादा मोठा विद्यार्थी न्या, अर्थात त्याची तयारी असेल तरच.