जबडा निखळला, एक्स-रेत काहीच नाही

प्रश्न : कात्रज घाटात स्कूटर घसरून ताईची हनुवटी आपटली. तोंड मिटत नाही, जबडा डावीकडे गेलाय, कानातून रक्त आलं. साध्या एक्स-रेत काही दिसलं नाही. हाडवैद्याकडून बसवून घ्यावा का?
– एक वाचक, धनकवडी

उत्तर : अजिबात नको! तुम्हाला फोनवर लगेच कळवलंच. इतरांसाठी इथे लिहिते. जांभईत निखळलेला जबडा पुढे सरकतो. खालच्या दाढांवर अंगठे ठेवून तो खाली आणि मग मागे नेला की बहुधा बसतो. अपघातात मात्र तो क्वचित बाजूला, मागे किंवा थेट वर, कवटीत घुसतो. सांध्याच्या खोबणीचं छत कागदासारखं पातळ असतं. म्हणून मला कानातलं रक्त फार खटकतं. मागे ढकललेला जबडा कानाच्या नळीची भिंत फाडू शकतो. साध्या एक्स-रेत हा सांधा इतर हाडांआड झाकला जातो, तेव्हा सीटी स्कॅन हवाच, आणि त्यात हनुवटीचं फ्रॅक्चरही शोधायला हवं. जबडा कवटीत शिरला असेल तर मुखशल्यचिकित्सकाबरोबर न्यूरोसर्जनही लागतात. ओढाओढ केली तर मेंदूलगत रक्तस्राव होऊ शकतो. भूल द्यावी लागेल, म्हणून ताईंना सध्या काही खायला देऊ नका. सांधा बसल्यावर डॉक्टर सांगतील तेव्हापासून तोंड उघडण्याचे व्यायाम नेमाने करून घ्या, नाहीतर तो आखडतो.