पानांचे रंग: टिपताना आणि नंतर सुधारताना

प्रश्न (मडगाव): ऑक्टोबरच्या अखेरीस आम्ही सहकुटुंब श्रीनगरला गेलो होतो. हजरतबलजवळच्या नसीम बागेतले चिनार डोळ्यांत मावत नव्हते. घरी येऊन रॉ फाइली (कॅमेऱ्याने टिपलेली, प्रक्रिया न केलेली माहिती) संगणकावर उघडल्या तेव्हा मात्र सगळे रंग विझलेले वाटले. सॅच्युरेशन (रंगांचा भडकपणा) वाढवले, तर पानांच्या शिरा नाहीशा होऊन नुसते नारिंगी डाग उरले आणि सोबतच्या माणसांचे चेहरे तांबडे पडले. चूक फोटो काढताना झाली की नंतर?

उत्तर: आपण सांगितलेल्या खुणांवरून मूळ फाइलींमध्ये अजून बराच रंग शिल्लक असावा, तेव्हा त्या पुसून टाकू नयेत. रॉ फाइल फिकी दिसते हा तिचा दोष नव्हे. कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसते ते कॅमेऱ्यानेच रंग आणि कॉन्ट्रास्ट चढवून तयार केलेले जेपेग असते. संगणकावर रॉ उघडताना तो साज बहुधा उतरलेला असतो.

नसीम बागेसारख्या जागी मात्र आणखी एक गोष्ट घडते. वर पिवळ्या-तांबूस पानांचे छत आणि खाली त्याच पानांचा सडा असल्यामुळे झाडांखाली पोहोचणारा प्रकाशच नारिंगी झालेला असतो. ऑटो व्हाइट बॅलन्स (पांढरे पांढरेच दिसावे म्हणून कॅमेरा आपोआप करतो ती रंगदुरुस्ती) त्या छटेला प्रकाशातला बिघाड समजून चित्रात निळा रंग मिसळतो आणि ज्यासाठी आपण तिथवर गेलो तीच ऊब काढून टाकतो. म्हणून पहिला हात सॅच्युरेशनला नव्हे, तर चित्र निळसर किंवा पिवळसर करणाऱ्या रंगतापमानाच्या पट्टीला लावावा. उन्हातल्या फोटोंसाठी 5500 केल्विनच्या आसपास आणि मोकळ्या आकाशाखालच्या सावलीतल्या फोटोंसाठी 7000 च्या आसपास सुरुवात करून पाहावी. रॉ फाइलीत हा बदल कितीही वेळा केला तरी मूळ माहितीला धक्का लागत नाही.

शिरा नाहीशा होण्याचे कारण बहुधा लाल वाहिनीत, म्हणजे चित्रातल्या लाल रंगाच्या नोंदीत, आहे. कॅमेऱ्याच्या संवेदकावर हिरव्या गाळण्या लाल किंवा निळ्या गाळण्यांच्या दुप्पट असतात आणि एकूण उजेड दाखवणाऱ्या हिस्टोग्रॅमवरही (चित्राचा किती भाग किती उजळ आहे ते दाखवणारा आलेख) हिरव्याचेच वजन जास्त असते. त्यामुळे तो आलेख निर्धोक दिसत असतानाच लाल वाहिनी काठोकाठ भरलेली असू शकते, आणि भरलेल्या वाहिनीला सॅच्युरेशन दिले की पानावरचे गडद-फिके भेद एकाच पातळीवर येऊन सपाट होतात. पुढच्या वेळी तिन्ही वाहिन्यांचा वेगवेगळा हिस्टोग्रॅम पडद्यावर ठेवावा आणि लाल आलेख उजव्या कडेला टेकत असेल, तर एक्स्पोजर एक तृतीयांश ते दोन तृतीयांश स्टॉप कमी करावे (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा).

आता हाती असलेल्या फाइलींसाठी सॅच्युरेशन पुन्हा शून्यावर आणावे. व्हाइट बॅलन्स झाला की हायलाइट्स (चित्रातले सर्वांत उजळ भाग) खाली आणाव्यात, मग व्हायब्रन्स थोडेसे वाढवावे. ही पट्टी आधीच गडद असलेल्या रंगांना कमी आणि फिक्या रंगांना जास्त उचलते. त्यानंतर रंगनिहाय पट्ट्यांमध्ये नारिंगी आणि लाल यांचे सॅच्युरेशन न वाढवता त्यांचे ल्युमिनन्स (उजळपणा) किंचित कमी करून पाहावे. पानांचा रंग गडद आणि भरीव होतो, शिराही राहतात. चिनारासाठी मला हाच उपाय सर्वांत भरवशाचा वाटतो. माणसाच्या त्वचेचा रंगही नारिंगी पट्ट्यातच येत असल्याने चेहरे मास्क करून या बदलातून वगळावेत.

किती केले म्हणजे पुरे, याची खूण पानांत शोधू नये. चिनाराच्या खोडाची साल, ढग, पायवाट अशा ज्या वस्तूंचा रंग आपल्याला पक्का माहीत आहे त्यांच्याकडे पाहावे. राखाडी साल गुलाबी दिसू लागली की आपण पुढे गेलो आहोत. मावळतीच्या उन्हातला फोटो असेल, तर सालीवरची सोनेरी छटा मात्र राहू द्यावी, कारण ती त्या वेळेची आहे.

प्रश्न (वाळपई): आपल्याकडे शरदात पाने रंगत नाहीत. मग ही हौस काश्मीर-हिमाचलला जाऊ शकणाऱ्यांपुरतीच आहे का?

उत्तर: मुळीच नाही, आणि सत्तरी तालुक्यातल्या वाचकाने तरी असे म्हणू नये. थंड प्रदेशात दिवस लहान होऊन गारठा वाढू लागला की पानातले हरितद्रव्य मोडते, आधीपासून असलेले पिवळे कॅरोटिनॉइड उघडे पडतात आणि काही झाडे लाल अँथोसायनिन नव्याने तयार करतात. आपल्या पानझडी जंगलात पाने गळतात ती मुख्यतः पाण्याच्या ताणामुळे, त्यामुळे सागासारखी झाडे बहुधा मळकट पिवळी होऊन करपतात. लाल रंग आपल्याकडे येतो तो बराचसा नव्या पालवीत, कारण कोवळ्या पानात हरितद्रव्य पुरते भरण्याआधी तेच अँथोसायनिन असते. शिमग्याच्या सुमारास कुसुंबाचे झाड पाहावे. फुलोरा आहे असे वाटावे इतकी त्याची पालवी लालभडक असते. पिंपळाची तांबूस आणि आंब्याची जांभळट तांबडी पालवीही त्याच उन्हाळ्याच्या तोंडाची. गळण्याआधी पान खरोखर लाल होते ते देशी बदामाचे, आणि त्यासाठी किनारपट्टीवरच्या कोणत्याही गावात थोडे फिरले तरी पुरते.

कुसुंबाचा फोटो सकाळी, ऊन पालवीच्या पाठीमागून येत असताना काढावा. कोवळे पान पातळ असते आणि उजेड त्याच्या आरपार जातो, तेव्हा त्याचा लाल रंग आतून उमटतो. मागे सदाहरित झाडांची गर्द सावली येईल अशी जागा धरली, तर नंतर संगणकावर फारसे काही करावेच लागत नाही. चोर्ला घाटाच्या आणि मोलेंच्या उतारांवर असा शेजार मिळू शकतो. देशी बदामाचे पान जाड आणि चकचकीत असते, त्यावर आकाशाचे पांढरट प्रतिबिंब पडून रंग धुवून निघतो. तिथे पोलरायझर फिल्टर फिरवून ते प्रतिबिंब काढावे. दीड ते दोन स्टॉप उजेड जातो, पण जो रंग पानात आहे तो मिळतो, आणि हे काम नंतर कोणत्याही पट्टीने तितके नीट होत नाही.

एक विनंती मनापासून करतो. हिरव्या रंगाची ह्यू (रंगछटेची) पट्टी पिवळ्याकडे ओढून खोतीगावच्या जंगलाला युरोपातला शरद चढवू नये. तसे केल्याने माड, भात आणि शेवाळसुद्धा पिवळे पडते, आणि तो फोटो कुठला, कोणत्या महिन्यातला, हे कोणालाच सांगता येत नाही. कुसुंब वर्षातून थोडेच दिवस लाल असतो. तो नेमका तेव्हाच टिपण्यात या छंदाचे सगळे मोल आहे.

प्रश्न (फोंडा): माझ्याकडे फक्त मोबाइल आहे. लाल पाने नेहमीच भडक येतात, ती कशी टाळावीत?

उत्तर: कॅमेरा अॅपमध्ये दृश्य ओळखून आपोआप रंग वाढवणारी सोय असेल, तर ती बंद करावी. पानावर बोट टेकवून फोकस धरावा आणि तिथेच दिसणारी सूर्याची खूण किंचित खाली ओढून उजेड कमी करावा. मोबाइलमध्ये रॉ काढण्याची सोय असल्यास ती वापरावी, कारण 8 बिटच्या जेपेगमध्ये प्रत्येक वाहिनीच्या 256 च पायऱ्या असतात, तर 12 बिटच्या रॉमध्ये 4096.

प्रश्न (म्हापसा): पडद्यावर पाने सुरेख दिसतात, पण लॅबमधून आलेली प्रिंट काळपट असते. लॅब बदलावी का?

उत्तर: त्याआधी पडदा तपासावा. मॉनिटर कारखान्यातून येतानाच फार उजळ असतात. छपाईसाठी फोटो सुधारताना तेज 80 ते 120 कँडेला प्रति चौरस मीटर एवढे ठेवण्याची पद्धत आहे. मोजण्याचे उपकरण नसेल, तर पांढरा कागद खोलीतल्या उजेडात मॉनिटरशेजारी धरावा आणि पडद्यावरचा पांढरा रंग त्याच्याइतकाच दिसेपर्यंत तेज उतरवावे. रात्री पडदा पिवळसर करणारी सोय चालू असेल, तर ती बंद करूनच काम करावे. फाइल अडोबी आरजीबीमध्ये (रंगांचा पल्ला मोठा असलेली नोंदपद्धत) दिली आणि लॅबच्या यंत्रणेने ती एसआरजीबी (लहान पल्ल्याची, नेहमीची पद्धत) म्हणून वाचली, तर रंग आणखी मलूल होतात. तेव्हा कोणती फाइल हवी हे लॅबला विचारून घ्यावे आणि त्यांनी काही सांगितले नाही तर एसआरजीबीच द्यावी. इतके करूनही गडद लाल थोडे उतरतेच, कारण कागदाला स्वतःचा उजेड नसतो. अशा फोटोंसाठी मॅटपेक्षा ग्लॉसी कागद घ्यावा, आणि मोठी प्रिंट काढण्यापूर्वी त्याच कागदावर एक लहान नमुना छापून तो दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ पाहावा.