पामेरियनच्या पोटी अल्सेशियन?

‘आमच्या घराण्यातच उंची नाही, आता पोऱ्याचं काय?’ माझ्याकडे जळगावात येणारे बरेच आईबाप हेच विचारतात. रावेरकडचं एक जोडपं 11 वर्षांच्या मुलाला घेऊन आलं होतं. केळीची शेती, घरात खाण्यापिण्याची कमी नाही. वर्गातली पोरं त्याला ‘पामेरियन’ म्हणून चिडवत, आणि तो शाळा बुडवायला लागला होता. वडील म्हणाले, “मॅडम, मीच बुटका. पामेरियनच्या पोटी अल्सेशियन थोडाच जन्मतो?” हे पोरासमोर!

कुत्र्यांपुरतं त्यांचं खरं होतं. माणसानं लहान नर, लहान मादी निवडत पिढ्यान्‌पिढ्या पैदास केली, म्हणून आकार ठरवणारी मोजकीच पण जोरकस जनुकं एकेका जातीत पक्की बसली. शरीराची वाढ घडवणाऱ्या संप्रेरकाचं आयजीएफ-1 हे जनुक त्यातलं मुख्य. लहान जातींमध्ये त्याचा एक ठरावीक प्रकार सापडतो, हे 2007 मध्ये कळलं. जातीजातींच्या आकारातला साधारण 15 टक्के फरक या एकट्याचा. लहान आकाराचा तो प्रकार 54,000 वर्षांपूर्वीच्या सायबेरियातल्या लांडग्यातही होता, असं 2022 मध्ये दिसलं.

पोऱ्यानं पहिल्यांदाच मान वर केली. “लांडग्यात पण?”

“लांडग्यात पण.”

माणसाचं तसं नाही. आपली कुणी निवडून पैदास केलेली नाही. 2022 मध्येच 54 लाख लोकांच्या अभ्यासात डीएनएमध्ये उंचीशी जोडलेल्या 12,000 हून जास्त जागा सापडल्या, आणि त्यातल्या बहुतेकींचा वाटा नगण्य. त्यामुळे सख्ख्या भावांतही वीतभर फरक पडू शकतो.

मग त्याच्या मोठेपणीच्या उंचीचा हिशोब मांडला. बाप 160 सेंटिमीटर, आई 150. मुलगा असेल तर बेरजेत 13 मिळवून निम्मे करायचे: 161.5. त्याच्या अलीकडे-पलीकडे आठेक सेंटिमीटर धरायचे. शाळेच्या तपासणीत गेल्या वर्षी तो 128 होता, आता 133. वर्षाला पाच म्हणजे या वयात ठीक वाढ. आईनं पिशवीतून काढलेला उंची वाढवणाऱ्या पावडरचा महागडा डबा मी परत ठेवायला लावला. त्यापेक्षा दूध, डाळ, अंडी आणि रात्रीची झोप बघा, म्हटलं.

चिडवण्याचं औषध मात्र जनुकांत नव्हतं. त्यासाठी वर्गशिक्षकांशी बोलायचं, आणि वडिलांनी घरात स्वतःला ‘बुटका’ म्हणणं बंद करायचं. दर रविवारी भिंतीला उभं करून मापणंही बंद. पुढचं माप दिवाळीच्या सुट्टीत. वर्षाची वाढ चार सेंटिमीटरच्या खाली गेली, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवून हाडाचं वय, म्हणजे हाडं वयाच्या मानानं किती वाढलीत ते, तपासायला डाव्या मनगटाचा एक्स-रे काढायचा, असं ठरलं.