सध्याचे सर्वोत्तम व्यावसायिक बास्केटबॉल खेळाडू कोण? क्रमवारी कशी लावाल?

पहिला निकोला योकिच. दुसरा शे गिल्जस-अलेक्झांडर. तिसरा यानिस अँटेटोकुनम्पो, चौथा लुका डोंचिच, पाचवा व्हिक्टर वेम्बान्यामा. हे मी अमेरिकेतल्या एनबीए लीगचा २०२४-२५ चा पूर्ण हंगाम आणि त्यानंतरचे प्लेऑफ, म्हणजे बाद फेऱ्या, धरून सांगतो आहे.

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलं आहे, 'सरासरी पॉइंटनुसार यादी दिली तरी चालेल.' त्या एका ओळीमुळे मी लिहायला बसलो. ती यादी सर्वाधिक पॉइंट काढणाऱ्यांची असते. तिला सर्वोत्तमांची यादी म्हटलं की माझं डोकं फिरतं.

१९६१-६२ चा हंगाम घ्या. विल्ट चेंबरलेननं सामन्यामागे सरासरी ५०.४ पॉइंट काढले, एका सामन्यात तर १००. ऑस्कर रॉबर्टसननं पॉइंट, रिबाउंड (चुकलेल्या शॉटचा बॉल पकडणं), असिस्ट (ज्यावर बास्केट होतो तो पास) तिन्हींची सरासरी दोन आकडी ठेवली, जे तोवर कोणाला जमलं नव्हतं. आणि एमव्हीपी, म्हणजे हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू, कोण झाला? बिल रसेल, सरासरी १९ च्याही खाली. तेव्हा मत खेळाडू स्वतः द्यायचे. पत्रकारांकडे ते १९८०-८१ पासून गेलं. ज्यांना रसेल उभा असताना रिंगकडे जावं लागायचं, त्यांनी त्याला निवडलं. या माणसानं १३ हंगामांत ११ विजेतेपदं मिळवली. त्यानं एकूण किती शॉट अडवले याचा अधिकृत आकडा मात्र नाही, कारण एनबीएनं ब्लॉक (अडवलेले शॉट) आणि स्टील (हिसकावलेले बॉल) मोजायला घेतले ते १९७३-७४ पासून. रसेल १९६९ लाच थांबला होता. ज्या कामात तो सगळ्यांच्या पुढे होता, ते काम कागदावर आलंच नाही.

कागदावर न येणं काय असतं, हे मी घरात पाहिलं आहे.

मी नागपुरात बरीच वर्षं स्पर्धांच्या टेबलवर बसतो. स्कोरशीट भरतो. पहिल्या आणि तिसऱ्या क्वार्टरला लाल पेन, दुसऱ्या-चौथ्याला निळं. दोन पॉइंटला तिरकी रेघ, फ्री थ्रोला भरीव ठिपका, तीनचा बास्केट असेल तर खेळाडूच्या नंबराला गोल. फाउल, टाइमआउट, रनिंग स्कोर सगळं त्यात येतं. असिस्ट येत नाही. रिबाउंड येत नाही. स्क्रीन लावून, म्हणजे बचाव करणाऱ्याच्या वाटेत उभं राहून, दुसऱ्याला मोकळं कोणी केलं, हे तर विचारूच नका. मोठ्या स्पर्धांत आकडेवारीसाठी वेगळी माणसं बसवतात. आपल्याकडे क्लबच्या स्पर्धेत टेबलवर माणसं मिळायची मारामार, तिथे वेगळे कोण बसणार? म्हणून मी स्वतःची एक वही ठेवायला लागलो. दोन्ही संघांच्या खेळाडूंचे नंबर मांडायचे आणि ज्याच्या पासवर बास्केट झाला त्याच्यापुढे एक काडी ओढायची.

माझी धाकटी बहीण पॉइंट गार्ड होती, म्हणजे बॉल पुढे आणून खेळ चालवणारी. उंची पाच फूट दोन इंच. हाताखालून बॉल असा काढायची की समोरच्या मुलीला तो गेल्यावर कळायचं.

मे महिन्यातली स्पर्धा होती. नागपूरचा मे म्हणजे सिमेंटचं कोर्ट रात्री आठ वाजतासुद्धा बुटांतून भाजतं. फायनलला समोरच्या संघानं रिंगखाली गच्च झोन लावला होता, म्हणजे एकेकीला न धरता जागा अडवून धरली होती. आमच्या सेंटरला, म्हणजे रिंगजवळ खेळणाऱ्या मुलीला, बॉल मिळू द्यायचा नाही, एवढंच त्यांनी ठरवलं होतं. बहिणीनं पहिली काही मिनिटं नुसती पाहणी केली. मग उजवीकडून आत घुसायची, दोघी अंगावर यायच्या, आणि ही न बघता डावीकडे बेसलाइनवरून येणाऱ्या मुलीला बाउन्स पास द्यायची. त्यांनी ती बाजू झाकली की मधे सेंटर मोकळी. सेंटर झाकली की कोपऱ्यातली शूटर मोकळी. तिसऱ्या क्वार्टरच्या शेवटी समोरच्या कोचनं झोन सोडला, कारण झोनमध्ये उभं राहण्यात काही अर्थच उरला नव्हता. संघ जिंकला. शीटवर बहिणीच्या नावापुढे चार पॉइंट होते. माझ्या वहीत तिच्या नंबरापुढच्या काड्या एका ओळीत मावल्या नव्हत्या.

'बेस्ट प्लेयर' सेंटरला मिळालं. त्याचं काही नाही, ती गुणी मुलगी होती. बोचलं ते पुढचं. जिल्ह्याचा संघ त्याच स्पर्धेवरून निवडायचा होता. निवड करणाऱ्या सरांनी शीटा मागवल्या, पॉइंटच्या रकान्यावरून बोट फिरवलं आणि वरून नावं उतरवून घेतली. बहीण त्यात नव्हती. मी वही घेऊन त्यांच्याकडे गेलो. आमच्या सामन्याची नाही, सगळ्या स्पर्धेची वही, सगळ्या संघांची. मुद्दाम दुसऱ्या क्लबच्या एका मुलीचं नाव आधी दाखवलं, कारण तीही तशीच राहून गेली होती.

सर म्हणाले, "हे शीटवर आहे का?"

मी म्हटलं, "शीटवर असिस्टचा रकानाच नसतो, सर."

"मग काऊन दाखवून राहिला बे? बहीण आहे म्हणून?"

बहीण होती. टेबलवर कोणी ना कोणी कोणाचं तरी असतंच, इथे सगळे एकाच पाच-सहा क्लबांतून आलेले. पण काड्या दोन्ही बाजूंच्या होत्या आणि त्या त्यांनी वाचल्यासुद्धा नाहीत.

निवडलेल्या संघात पॉइंट काढणाऱ्या मुली भरपूर होत्या. बॉल पुढे आणणारी नव्हती. राज्य स्पर्धेत समोरच्यांनी फुल कोर्ट प्रेस लावला, म्हणजे अख्ख्या कोर्टभर अंगावर येऊन अडवलं, आणि आपल्या मुलींना आठ सेकंदांत अर्धी रेषा ओलांडता येईना. एकीमागून एक बॉल हातचे गेले. संघ लवकर परत आला. बहीण पुढच्या वर्षी बी.फार्म.ला गेली आणि तिनं बूट काढून ठेवले ते ठेवलेच.

म्हणून योकिच पहिला.

२०१४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा, तो ४१ व्या क्रमांकावर गेला. उडी नाही, वेग नाही, अंगकाठी बघून कोणाला वाटणार नाही की हा खेळाडू आहे. त्याच माणसानं २०२१, २०२२ आणि २०२४ ची एमव्हीपी घेतली आणि २०२३ मध्ये डेन्व्हरला विजेतेपद मिळवून दिलं. २०२४-२५ मध्ये त्याची सरासरी २९.६ पॉइंट, १२.७ रिबाउंड आणि १०.२ असिस्ट. पॉइंट, रिबाउंड, असिस्ट तिन्ही याद्यांत तो पहिल्या तिघांत होता. सेंटरनं अख्ख्या हंगामात ट्रिपल-डबलची, म्हणजे तिन्हींत दोन आकडी, सरासरी ठेवली, असं आधी कधी झालं नव्हतं. मार्च २०२५ मध्ये फिनिक्सविरुद्ध एकाच सामन्यात ३१ पॉइंट, २१ रिबाउंड, २२ असिस्ट. पण आकडे बाजूला ठेवा आणि बॉल त्याच्याकडे आला की उरलेले चौघे काय करतात ते बघा. चौघेही पळायला लागतात, कारण मोकळे झालो तर बॉल मिळणार याची त्यांना खात्री असते. दुसऱ्या अनेक संघांत स्टारच्या हातात बॉल गेला की बाकीचे कमरेवर हात ठेवून उभे राहतात.

गिल्जस-अलेक्झांडरला दुसरा ठेवला म्हणून लोक भांडतील. सरही भांडले. आम्ही दोघं अजून सकाळी अंबाझरीला फिरायला भेटतो आणि जून २०२५ मध्ये त्यांनी मला लांबूनच हाक मारून सांगितलं, "बघ, सर्वात जास्त पॉइंटवालाच चॅम्पियन झाला!" खरं आहे. ३२.७ ची सरासरी, लीगमध्ये पहिला. ओक्लाहोमा सिटीनं ८२ पैकी ६८ सामने जिंकले, त्याला एमव्हीपी मिळालं, इंडियानाविरुद्ध सातव्या सामन्यापर्यंत गेलेली फायनल जिंकून फायनल्स एमव्हीपीही मिळालं. पण हंगामात सर्वाधिक सरासरी आणि त्याच हंगामात विजेतेपद हे याआधी शेवटचं कोणाला साधलं होतं? २००० मध्ये शॅकील ओनीलला. मधल्या चोवीस हंगामांत सरासरीत पहिला आलेला एकही खेळाडू त्या वर्षी चॅम्पियन नव्हता. आयव्हर्सन, मॅकग्रेडी, कोबी, ड्युरंट, हार्डन, कोणीच नाही. पॉइंटांवरून सर्वोत्तम ठरवणाऱ्यांनी या चोवीस वर्षांचं काय करायचं ते सांगावं. आणि ओक्लाहोमा सिटी जिंकली ती आधी बचावावर. लू डॉर्ट, अ‍ॅलेक्स कारुसो यांच्यासारखी माणसं समोरच्याला श्वास घेऊ देत नव्हती. शे त्या संघाचा सर्वोत्तम खेळाडू आहे, यात मला जराही शंका नाही. त्याच प्लेऑफमध्ये त्यानं योकिचच्या डेन्व्हरला सात सामन्यांत हरवलं, हेही मी विसरलेलो नाही. तरी या दोघांना संघांची अदलाबदल करून खेळवलं, तर कोणता संघ वर जाईल? माझं उत्तर तेच राहतं.

यानिसबद्दल फार बोलत नाही. २०२१ च्या फायनलमधल्या सहाव्या सामन्यात ज्यानं ५० पॉइंट काढून मिलवॉकीला विजेतेपद दिलं, आणि ज्याच्या फ्री थ्रोची लोक टर उडवायचे त्यानंच त्या रात्री १९ पैकी १७ टाकले, त्याला तिसऱ्याच्या खाली ढकलायची माझी तयारी नाही. डोंचिच पासिंगमध्ये योकिचच्या सगळ्यात जवळचा आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये डॅलसनं त्याला लेकर्सकडे का पाठवलं हे मला आजही पटत नाही. बचावात मात्र तो कमी पडतो, म्हणून चौथा. वेम्बान्यामा २०२४-२५ मध्ये खांद्यातल्या रक्ताच्या गुठळीमुळे ४६ सामनेच खेळला, त्यामुळे किमान ६५ सामन्यांच्या नियमानं पुरस्कारांतूनही बाद झाला. तरी माझ्या यादीत तो आहे, कारण त्याच्यामुळे किती खेळाडू रिंगकडे जाता जाता मागे वळतात ते कोणत्याही रकान्यात दिसत नाही. सामन्यामागचे ३.८ ब्लॉक दिसतात तेवढेच.

स्टीफन करी आणि लेब्रॉन यांना मी क्रमांक देत नाही. करीकडे बॉल नसतानाही दोघं त्याच्यामागे धावतात आणि तिसऱ्या कोणाला तरी सोपा बास्केट मिळतो. ज्याला हा खेळ शिकायचा आहे त्यानं एक अख्खा क्वार्टर बॉल सोडून फक्त करीकडे बघावं.

आणि तुम्ही 'व्यावसायिक खेळाडू' विचारलंत, 'पुरुष खेळाडू' असं लिहिलं नाहीत. मग लास वेगासची ए'जा विल्सन कुठे आहे? २०२०, २०२२, २०२४ आणि २०२५ अशी चार एमव्हीपी डब्ल्यूएनबीएमध्ये, म्हणजे महिलांच्या लीगमध्ये, तिच्याआधी कोणालाही मिळालेली नव्हती. २०२५ मध्ये संघाला तिसरं विजेतेपद आणि तिला फायनल्स एमव्हीपी. तुमच्या प्रश्नाखाली उत्तर देणाऱ्या कोणीही तिचं नाव घेतलेलं नाही. आपापल्या काळातलं वर्चस्व बघितलं तर ती योकिचच्या शेजारी बसते. आणि हो, ती पॉइंटही ढिगानं काढते, म्हणजे पॉइंट काढणाऱ्यांशी माझं वैर आहे असं समजू नका.

आता थोडं राहिलेलं. असिस्टही फसवतात. पास कितीही सुंदर असो, समोरच्यानं बास्केट चुकवला तर काडी ओढता येत नाही. चांगल्या शूटरांच्या संघात पासरचा आकडा आपोआप फुगतो. टेबलवरचा माणूस घरच्या संघाबाबत सढळ होऊ शकतो. योकिचचे पाय बचावात संथ आहेत, समोरचे संघ त्यालाच हेरून पुन्हा पुन्हा स्क्रीन लावतात, हेही खरं. आणि चौथ्या-पाचव्या क्रमांकाबद्दल मी हट्ट धरणार नाही, तिथे अँथनी एडवर्ड्स घातलात तरी मी भांडायला येणार नाही. पहिल्या क्रमांकावर येईन.

तुम्हाला स्वतः यादी करायची असेल तर सकाळी सहाच्या सुमारास फायनल्स लागतात तेव्हा उठून बसा, पोहे नंतर खा, आणि बास्केट कोणी केला हे न लिहिता तो कोणामुळे झाला एवढंच लिहा. पास, स्क्रीन, बचाव करणाऱ्याला ओढून नेणं, सगळं धरा. दोन-तीन सामन्यांत तुमची यादी बदलेल. एनबीए आता स्क्रीनमुळे झालेले बास्केट आणि बॉलला लागलेले हातसुद्धा मोजते, आणि ते आकडे कोणालाही बघता येतात. म्हणजे 'शीटवर नाही' हे कारण त्यांच्याकडे उरलेलं नाही. आपल्याकडे आहे.

सर, हे उत्तर तुमच्यापर्यंत कोणीतरी पोचवेलच. येत्या उन्हाळ्यातल्या निवड चाचणीला टेबलवर आणखी एक खुर्ची ठेवा. क्लबातल्या कोणत्याही मुलाला बसवा, कोणाचा भाऊ नसलेला बघून बसवा. त्याच्यापुढे असिस्ट, रिबाउंड, स्टील आणि टर्नओव्हर (गमावलेले बॉल) असे चार रकाने असलेला कागद द्या, आणि नावं उतरवण्याआधी दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचा. कागद मी छापून आणतो. खेळाडूचं नाव झाकून, नुसते नंबर ठेवून हवे असतील तर तसेही आणतो.