इंटरनेटवरचा फोन घेतला तर गावच्या घराचं बिल खरंच कमी होतं का?

तुमचे आई-वडील देवगडकडे, घरात लँडलाइन आणि दोन मोबाइल, सगळं मिळून महिन्याला दीड हजार जातात. इंटरनेटवरचा फोन घेतला तर ते कमी होतील का, असं विचारलंय. होतात. आमचं घर मालवण तालुक्यात, आईबाबा तिथे आणि मी मुंबईत. आमचेही दीड हजारच जात होते.

अमेरिकेतल्या लोकांचे व्हिडिओ बघून मीही एक डबी मागवणार होतो, राउटरला लावायची आणि बोलत सुटायचं. तिकडे लँडलाइनचं भाडं भारी, म्हणून त्यांना ती परवडते. आपल्याकडे मोबाइलच्या साध्या पॅकमध्येही बोलणं अमर्याद असतं, मग बोलण्यात वाचवणार काय? आपले पैसे जातात ते एकाच कामाचे दोनदा भरल्यामुळे.

आमचा हिशेब सांगतो. तांब्याच्या तारेवरचा फोन आणि रडतखडत चालणारं ब्रॉडबँड, महिन्याला ८५०. वर दोघांच्या मोबाइलला २८ दिवसांचे डेटावाले पॅक, तीनशे-तीनशेचे. हे २८ दिवस म्हणजे वर्षाला १२ नाही, १३ रिचार्ज! एकूण १८ हजार. आता फायबर, म्हणजे काचेच्या तारेवरचं इंटरनेट घेतलंय, महिन्याला ४९९ अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५८९. त्यातच लँडलाइन येतो, हाच तो इंटरनेटवरचा फोन, आणि भारतभर बोलणं त्याच पैशात. आणि मोबाइलला नुसत्या कॉलचा वर्षाचा पॅक, माणशी साडेअठराशे. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने, म्हणजे फोन कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, कंपन्यांना डेटाशिवायचे पॅक ठेवायला लावले, मुदत ३६५ दिवसांपर्यंत. ॲपमध्ये ते शोधावे लागतात, दुकानदार आपणहून सांगत नाही. व्हॉट्सॲप घरच्या वायफायवर चालतंच. सगळं मिळून पावणेअकरा हजार.

फायबरच्या डब्याला मागे टेलिफोनचं भोक असतं, त्यात जुना बटणांचा फोन लागतो. बाबांचा काळा डायलवाला मात्र लागला नाही. रिंग वाजायची, पण नंबर फिरवला की ढिम्म. घरातली जुनी वायरिंग वापरणार असाल तर बाहेरून येणारी तार आधी सोडवून घ्या. ०२३६५ चा जुना नंबर त्याच कंपनीचं फायबर घेतल्यामुळे राहिला; लँडलाइनचा नंबर दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाही.

मोबाइलच्या सेटिंगमध्ये वायफाय कॉलिंग चालू करा. त्याचे वेगळे पैसे नाहीत, नंबरही तोच. आमच्या चिऱ्याच्या भिंतींत मोबाइलची रेंज शिरत नाही, आता माजघरात बसून आईचं बोलणं होतं. फक्त डबा पडवीत ठेवू नका, त्याच भिंती वायफायही अडवतात. नात्यात कुणी दुबईला असेल तर तिथे व्हॉट्सॲपचा कॉल लागत नाही. आमचा मावसभाऊ बोटिम नावाच्या ॲपवरून करतो.

आता खरी अडचण. तांब्याच्या तारेतून एक्स्चेंजच वीज पाठवायचं, ४८ व्होल्टच्या आसपास, म्हणून वाडीत काळोख असला तरी फोन वाजायचा. फायबर म्हणजे काच. तिच्यातून उजेड जातो, वीज नाही. पहिल्याच जूनमध्ये रात्री लाइट गेली. डबा बंद, म्हणून लँडलाइन बंद, वायफाय बंद, आणि वायफाय नाही म्हणून मोबाइलही मुका. मी इकडे अकरापर्यंत फोन लावतोय. सकाळी आई रेंजसाठी सड्यावर, म्हणजे वरच्या कातळी माळावर चढली आणि तिथून तिचा पहिला प्रश्न, "फोन मेलो की काय रे?"

मग राउटरसाठी मिळतो तो छोटा यूपीएस आणला, बाराशेला. तीन-चार तास निभतं. घेताना डब्याच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून घ्या. आमचा १२ व्होल्टचा आहे. ज्याच्याकडून जोडणी घेणार त्यालाही विचारा की त्याच्या टोकाला बॅटरी किती तास टिकते. तिकडे काळोख झाला तर घरचा यूपीएस काय कामाचा?

आणि मोठ्या वादळात काहीच चालत नाही हे धरून चला. १६ मे २०२१ ला तौक्ते आलं तेव्हा आमच्याकडे खांबच आडवे झाले, तांब्याची तारही त्यांच्याबरोबर गेली. एरवीही एक माडाचं चुडत पडलं की फायबर तुटते आणि जोडणारा माणूस दोन दिवसांनी उगवतो. म्हणून दोघांची सिमं दोन वेगळ्या कंपन्यांची ठेवा, आणि सड्यावर कुठली चालते ते आधी बघून घ्या.

जुनी जोडणी बंद करताना तोंडी सांगून सोडू नका. आम्ही तसं केलं आणि तीन महिने बिल येत राहिलं. लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि अनामत मागा. आमची सात महिन्यांनी आली.